बोटभर गुठळ्यांचा थर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात खुर्चीच्या टोकावर बसलोय, कारण नीट टेकून बसण्याइतका धीर आज माझ्यात नाही.) तुझी पाठ आता कशी आहे? बेकरीतल्या ओव्हनचं दार अजून गुडघ्यानंच लोटतेस का? लोटत असशील तर गुडघाही कसा आहे ते कळव. इकडे आम्ही सगळे मजेत. नानांना डाव्या कानानं त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, उजव्यानं तेवढंही नाही. डोळ्यांचं म्हणशील तर समोर आलेल्या माणसाला आधी हात लावून बघतात आणि मग हाक मारतात, पण पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं की शिवण सैल आहे का घट्ट ते अजून अचूक सांगतात. भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून आम्हालाही सांभाळते, आणि ते किती जड जातं हे रोज एकदा ऐकवते. माझी तब्येत ठणठणीत. वजन जरा वाढलंय, त्याचं कारण पुढे येईलच.

आता मुख्य बातमी. ती मी सावकाश, वळणावळणानं सांगणार होतो, पण पोटात राहत नाही. भिंगरीचा केळ्याचा ब्रेड झाला. ताई, काय झालाय म्हणून सांगू. वर दालचिनीचा थर तू सांगितला होतास तसाच, चांगला बोटभर जाड, खडबडीत, आणि बोटानं टोकरलं तरी खाली एक कण पडत नाही. (टोकरून मीच पाहिलं. भिंगरीनं माझ्या हातावर चापट मारली.) आत्ता तो खाली दुकानात माझ्या टेबलावर निवतो आहे आणि मी वर येऊन हे पत्र लिहितो आहे. निवला की पेटीत बसेल, पेटीवर हे पत्र चिकटवेन आणि संध्याकाळच्या कुरियरनं तो तुझ्याकडे निघेल. तू फोनवर अगदी कोरडेपणानं सांगितलं होतंस की भाची म्हणून कामावर घेणार नाही, आधी ब्रेड पाठवा, वरचा थर प्रवासात टिकला तर पोरीच्या हातात काही आहे असं समजेन, नाहीतर सोमवारपासून दुसरी मुलगी येणार आहे. सख्ख्या भाचीला अशी परीक्षा. तू नानांचीच मुलगी, याबद्दल माझ्या मनात पूर्वीही शंका नव्हती. पण त्या फोनपासून भिंगरीचा जीव टांगणीला लागला आणि तिच्यामागून आम्हा सगळ्यांचा.

खरं सांगायचं तर आधी मला हे खेळच वाटले होते. पोरगी इतकी छान शिवण घालते, पुठ्ठा असा सरळ कापते की मोजपट्टीनं लाजावं, आणि तिला जायचंय कुठे, तर आत्याकडे पीठ मळायला. माझ्यामागे हे बाइंडिंगचं दुकान बघणार कोण, हा विचार आला आणि वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नाना तर एकच वाक्य बोलले, जे तू बेकरीचं काम शिकायला घराबाहेर पडलीस तेव्हा बोलले होते: मैदा खळीसाठी असतो. तेव्हापासून त्यांनी मैद्याचं काही तोंडात घातलेलं नाही, हे तुला मी सांगायला नको. तू एवढे डबे पाठवतेस, नाना हातानं चाचपून बाजूला सारतात आणि दात दुखतो म्हणतात. (कवळीचा दात. भिंगरीची आई एकदा विचारणार होती की कवळी कपाटात ठेवली की कपाट दुखतं का, पण मी तिला खुणावलं.) तरीही मी पोरीला हो म्हटलं, कारण ती दालचिनी कुटायला लागली की गुणगुणते, आणि पुस्तकं शिवताना कधी गुणगुणलेली मी ऐकली नाही.

तर सुरुवात केळ्यांपासून. मला आपलं वाटायचं की ब्रेडला चांगली पिवळीधमक केळी लागत असतील. भिंगरी म्हणाली, काळी हवीत, सालीवर एकही पिवळा ठिपका नको. ती केळी पिकत ठेवायला घरात उबदार जागा एकच, माझ्या कागदांच्या मांडणीचा वरचा कप्पा. तिथे ती कॉलेजच्या बांधायला आलेल्या अहवालांच्या डोक्यावर निवांत काळी पडत होती. एके दिवशी भिंगरीच्या आईनं झाडलोट काढली आणि नासली म्हणून सगळी केळी उचलून फेकून दिली. त्यावरून मायलेकींचं जे काही झालं ते मी कात्री शोधण्याच्या निमित्तानं टेबलाखाली बसून ऐकलं. पुन्हा केळी आणली, पुन्हा काळी केली. कॉलेजचे ग्रंथपाल अहवाल न्यायला आले तेव्हा त्यांनी पान उलटलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि यंदाचा अहवाल नेहमीपेक्षा गोड वाटतो एवढंच म्हणाले.

पहिला ब्रेड बिघडला तो माझ्यामुळे, पण तू तरी मला दोष देऊ नकोस, कारण तू याच घरात वाढलीस. खळीत गुठळी म्हणजे घराण्याच्या अब्रूवर डाग. मैदा कालवताना एक गुठळी जरी राहिली तरी नाना पातेलं आपल्या दोघांच्या पुढ्यात ठेवायचे आणि ती सापडून मोडेपर्यंत जेवायला बसू द्यायचे नाहीत. माझ्यापेक्षा तूच जास्त वेळा गार जेवलीस. आता विचार कर, असा माणूस टेबलाजवळून चाललाय. (ओव्हन दुकानातच ठेवलाय, कारण त्याचा दांडगा प्लग फक्त तिथेच बसतो.) टेबलावर मोठं भांडं, भांड्यात मैदा, आणि मैद्यात नुसत्या गुठळ्या. हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या, एकदोन तर सुपारीएवढ्या. भिंगरीनं गार लोणी आणि साखर मैद्यात बोटांनी चोळून मोठ्या कष्टानं त्या केल्या होत्या आणि भाजायच्या भांड्यात तळाशी घालायचा कागद आणायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. हे मला काय ठाऊक? माझे हात शिवशिवले. दालचिनीचा वास आला, नाही असं नाही, पण आपणही खळीला कसर लागू नये म्हणून लवंगेचं तेल घालतोच की. म्हटलं, पोरीनं दालचिनी घालून बघितलीय, डोकं चालतं तिचं. मग कोमट पाणी ओतलं, बसलो, आणि एकूण एक गुठळी मोडली. ताई, इतकी मऊ, इतकी तुकतुकीत खळ मी कित्येक वर्षांत केली नव्हती. तुकतुकी लोण्याची होती, पण ते श्रेय मी स्वतःच्या हाताला दिलं.

आणि एवढी सुंदर खळ झाल्यावर ती वाया कशी घालवायची? वकीलसाहेबांचं कायद्याचं जाडजूड पुस्तक समोरच होतं. ब्रश घेतला आणि दोन्ही पुठ्ठ्यांना आतून कोरा कागद चिकटवून टाकला. भिंगरी परत आली. तिनं भांडं पाहिलं, ब्रश पाहिला, मग मला पाहिलं. मी मोठ्या कौतुकानं म्हणालो की खळ फार चांगली जमली, यापुढे दालचिनीच घालत जाऊ. ती खाली बसली आणि इतकी हसली की मला वाटलं मी काहीतरी मोठं काम केलंय. हसणं संपल्यावर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. वकीलसाहेबांच्या पुस्तकाला दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी वेढा दिला होता आणि कागदावर लोण्याचे डाग उमटले होते. साहेब भला माणूस. हे कोर्टात नेलं तर न्यायाधीशांना भर सुनावणीत भूक लागेल, म्हणाले आणि पुन्हा बांधायला ठेवून गेले. ब्रेड थराविनाच भाजला गेला. तो मी आणि भिंगरीच्या आईनं चहाबरोबर संपवला. (वजनाचं कारण क्रमांक एक.)

दुसऱ्या वेळी, म्हणजे काल, मी शपथ घेऊन टेबलाच्या त्या बाजूला फिरकलो नाही. ब्रेड उत्तम झाला. भिंगरीनं तो कागदात सैलसर गुंडाळून टेबलावर निवत ठेवला आणि कुरियरची वेळ विचारायला गेली. तेवढ्यात दुकान बंद करायची वेळ झाली, आणि नानांचा नेम तुला माहीतच आहे. दिवे मालवण्याआधी ते सगळ्या टेबलावरून एकदा हात फिरवतात आणि जे काही ओलसर, नुकतं चिकटवलेलं हाताला लागेल ते प्रेसखाली घालतात, नाहीतर सकाळपर्यंत पुठ्ठा वाकतो. त्यांच्या हाताला लागलं एक चौकोनी, जाड, कोमट, दमट, कागदात गुंडाळलेलं. हे पुस्तक फार फुगलंय, शिवण कुणी घातली, असं पुटपुटलेले मी जिन्यावरून ऐकलं, पण मला वाटलं अहवालाबद्दल बोलतायत. त्यांनी ते दोन फळ्यांमध्ये घातलं आणि चाक आवळलं. नानांचं आवळणं तुला आठवतंय ना? आपल्याला पुरे वाटलं की त्यापुढे ते अर्धा फेरा देतात.

भिंगरीनं प्रेस उघडला तेव्हा ब्रेड शाळेच्या वहीएवढा झाला होता. कडा मात्र चारी बाजूंनी काटकोनात. वरचा थर पार आत बसला होता, सुरीनं खरवडला तरी सुटत नव्हता. एक कारागीर म्हणून मला ते काम आवडलं, पण हे तेव्हा बोललो नाही. भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती भाजायचं भांडं घासत बसली, घासून झालेलं पुन्हा घासत. मला फार वाईट वाटलं. नानांना जेव्हा कळलं की ते पुस्तक नव्हतं, पोरीची परीक्षा होती, आणि परीक्षा घेणारी तू, तेव्हा ते प्रेसचं चाक चाचपत राहिले. चूक झाली असं त्यांनी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही, काल तरी कसं म्हणतील? मला कुणी काही सांगतच नाही, एवढं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तो चपटा ब्रेड फेकून द्यायला कुणाचाच हात धजेना, म्हणून कपाटात ठेवून दिला.

आणि आज. आजचं काय सांगू तुला. सकाळी खाली आलो तर नाना ओव्हनशेजारी स्टूल टाकून आधीच बसलेले, हातात कागद दुमडायची हाडाची पट्टी. विचारलं काय चाललंय, तर म्हणाले राखण. भिंगरीनं केळी कुस्करली, अंडी फेटली, मैदा घातला आणि तिसऱ्याच ढवळणीला हात थांबवला. आत थोडा कोरडा मैदा दिसत होता. मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. ती म्हणाली, बाबा, जास्त घोटलं की चिवट होतं. मग थर. तिनं मूठ भरून गुठळ्या घेतल्या आणि वरून सोडल्या, दाबल्या नाहीत, सारख्या केल्या नाहीत, नुसत्या पडू दिल्या. मला बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

ओव्हनच्या काचेसमोर आम्ही गर्दी केली. भिंगरीची आई कामावर जायला निघाली होती, ती पर्स खांद्याला लावूनच वाकून उभी राहिली आणि उशीर झाला तरी हलेना. आधी ब्रेड मधे फुगला, आम्हाला वाटलं आता थर घरंगळतो. पण नाही. गुठळ्या एकमेकींना धरून राहिल्या, मग कडेनं तपकिरी व्हायला लागल्या, आणि दालचिनी आणि लोण्याचा असा वास सुटला की रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत येऊन इथे नक्की काय मिळतं असं विचारून गेला. शिजला का ते बघायला भिंगरी काडी शोधत होती, मी माझं दाभण धुऊन पुढे केलं. तिनं ते मधोमध खुपसलं, बाहेर काढलं, आणि ते कोरडं ठक्क. ताई, इतक्या वर्षांत त्या दाभणानं एवढं चांगलं काम केलेलं नाही. आम्ही सगळे ओरडलो. नानांनीही काय झालं ते न कळता पट्टी स्टुलावर आपटली.

पेटी मी स्वतः केली आहे. दुहेरी पुठ्ठा, सांध्यांना कापडी पट्टी, आत मऊ कागदाची गादी, झाकणाला फीत. ब्रेड आत ठेवला की हलायला जागा नाही आणि दबायला कारण नाही. कुरियरवाला ती उलटी ठेवो की फेको. तू उघडशील तेव्हा हळू उघड आणि थराकडे नीट बघ. त्यातली प्रत्येक गुठळी या घरात शाबूत राहिलेली आहे, याचा अर्थ तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. पोरीला घे, ताई. तुझ्याकडे ती सुखात राहील. दुकानाचं माझं मी बघेन.

पाठीला जप. ओव्हनचं दार हातानं लाव.

तुझा,
धाकटा

ता.क. वरचं सगळं लिहून शीळ घालत खाली गेलो. ब्रेड टेबलावर होता. म्हणजे खालचा ब्रेड होता. वरचा थर नव्हता. नाना राखण करता करता एक एक गुठळी चाचपून उचलत होते आणि तोंडात टाकत होते, डोळे मिटून, अगदी सावकाश, आणि मी पोचलो तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात आले होते. आयुष्यभर गुठळ्या मोडल्या, आज दातांनी मोडल्या. दात दुखत असल्याचं काही म्हणाले नाहीत.

ता.क. दुसरा. भिंगरी दारातच उभी होती. सगळा वेळ तिथेच होती म्हणे. मी चिडलो, म्हटलं, अगं, तुझी परीक्षा चालली त्यांच्या पोटात, अडवलं का नाहीस? तर म्हणाली, बाबा, आत्यानं एवढे डबे पाठवले, त्यातलं कधी खाल्लं नाही त्यांनी, मी कशी अडवू. मी आपला पेटीची फीत सरळ करत राहिलो.

ता.क. तिसरा. घरात केळी नाहीत आणि कुरियरवाला येण्याच्या बेतात आहे, म्हणून कपाटातला पाठवतोय. हो, प्रेसखालचाच. पेटीत तो खुळखुळायला लागला, म्हणून त्याला घाईघाईत पुस्तकासारखं कापडी कव्हर करून पाठीवर सोनेरी अक्षरांत 'केळी' असं उठवलंय. तू म्हणाली होतीस, थर प्रवासात टिकला पाहिजे. टिकेल. त्याला आता सुटायला जागाच नाही. चव मात्र त्याच्यावरून ठरवू नकोस.

ता.क. चौथा, आणि पत्र खरं याच्यासाठी समज. रविवारी तू स्वतःच ये. पोरगी तुझ्यासमोर भाजेल, गरम गरम खाऊन बघ आणि मग सोमवारचं काय ते ठरव. हे मी म्हणत नाही, नाना म्हणतायत. माझ्या खांद्याला हात लावून मी आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, तिला लिही, येताना दालचिनी आण, इथली संपली. आणि हेही लिही म्हणाले की गुठळ्या जरा कमी पडल्या.